जळगावात मे महिन्यात टॅरंटुलाच्या (पाळलेल्या मोठ्या केसाळ कोळ्याच्या) पेटीत ओलावा किती ठेवावा?

टक्केवारीच्या मागे धावू नका. तुमची टॅरंटुला चिली रोझ जातीची असेल तर ती मुळात कोरड्या प्रदेशातली. तिला कोरडी माती आणि कायम भरलेली पाण्याची उथळ वाटी पुरते. रोज फवारा मारला की बुरशी आणि माइट्स (अगदी बारीक जीव) येतात. ओलावा लागणारी जात असेल, तर नारळाच्या भुशात एका कोपऱ्यातून पाणी सोडा, वरचा थर कोरडा राहू द्या. हवा खेळायला भोकं हवीतच.

आपल्याकडे खरी काळजी उन्हाची. जळगाव-भुसावळात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, जमिनीलगत पेटी ठेवा; कूलरच्या थेट झोतात नको.

पाठीवर उलटी पडलेली दिसली तर घाबरू नका, बहुतेक कात टाकत असते. हात लावू नका, आत जिवंत रातकिडा असेल तर तेवढा अलगद काढून घ्या. नंतर आठ-दहा दिवस खाणं देऊ नका, दात कडक व्हायला वेळ लागतो. पाय पोटाखाली आखडले असतील, तर मात्र लगेच पाणी द्या.

आणि सातपुड्यातला कोळी कृपा करून पकडून आणू नका.