‘केलंच नव्हतं, तर हो कशाला म्हणाले?’

सांगलीत समुपदेशनाचं काम करताना गेल्या 19 वर्षांत हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की खुर्चीत टेकणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावरूनच तो मला ओळखू येतो. कधी पोरानं गल्ल्यातले पैसे घेतल्याचं कबूल केलेलं असतं, कधी भावानं मारामारीचं, कधी प्रकरण थेट खुनाचं असतं. माणूस सुटून घरी येतो, पण घरच्यांच्या मनातला संशय काही सुटत नाही.

सुनंदा अशीच मिरजेकडच्या एका गावातून आली. (नाव आणि तपशील बदलले आहेत.) तिचा नवरा हळदीच्या अडतीवर तोलाईला. एका वयस्कर व्यापाऱ्याचा खून झाला आणि चौकशीला यालाही बोलावलं. उचलीच्या पैशावरून आदल्या आठवड्यात दोघांचं वाजलं होतं, एवढंच निमित्त. दुसऱ्या रात्री तो म्हणाला, “मीच केलं.” खून झाला त्या रात्री तो कोल्हापूरला दवाखान्यात आजारी बहिणीजवळ होता. हे त्यानं सांगितलंही होतं, पण कबुली मिळाल्यावर ते तपासायला कोणी गेलं नाही. वकिलानं दवाखान्याची नोंद मिळवून पुढे ठेवली, तोवर दोन महिने गेले होते.

“बोटसुद्धा लावलं नाही म्हणतात ओ ताई,” सुनंदा म्हणाली. “मग हो कशाला म्हणले? काहीतरी असल्याबिगर माणूस खुनाचं हो म्हणतंय होय?”

पहिल्या दोन भेटींत मी तिला समजावत राहिले. सॉल कॅसिन या मानसशास्त्रज्ञाचा 1996 चा प्रयोग सांगितला. विद्यार्थ्यांना संगणकावर टंकायला बसवलं आणि एका कळीला हात लावू नका असं बजावलं. मग संगणक मुद्दाम बंद पडू दिला आणि ‘कळ तुम्हीच दाबली’ असा आरोप केला. कोणीही कळ दाबलेली नव्हती, तरी 69 टक्के जणांनी कबुलीवर सही केली. टंकायची घाई होती आणि शेजारी बसलेला ‘मी पाहिलं’ असं खोटंच सांगत होता, त्या गटात तर झाडून सगळ्यांनी सही केली. सुनंदानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ते अमेरिकेतलं.”

तिचं बरोबर होतं. माणसाला घटनेपेक्षा तिचा आपण लावलेला अर्थ जास्त छळतो, अशी माझी पक्की धारणा आहे. आणि तो अर्थ दुसऱ्याच्या उदाहरणानं हलत नाही. तिसऱ्या भेटीत मी एवढंच विचारलं, “तुम्ही कधी न केलेलं कबूल केलंय का?”

“न्हाई,” ती लगेच म्हणाली. मी गप्प राहिले. बऱ्याच वेळानं तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“एकदा. नणंदेची कुडी हरवली हुती. माझं लग्न होऊन दीड वरीस झालं हुतं.”

“सासूबाईंनी मारलं?”

“न्हाई. नुसतं इचारत हुत्या. सकाळधरनं दिवस कलेपर्यंत तेच. घरात दुसरं कोण हुतं, तूच झाडलंस ना, आठव, आठव. पाळण्यात पोर रडाय लागलं, मला पाजाय सोडीनात. शेवटी म्हटलं, व्हय, माझ्याकडनंच गेली असंल. मग उठू दिलं.”

“मग कुडी कोणी शोधली?”

“आता कशाला शोधतील? मी हो म्हटलं हुतं की.”

आणि ती थांबली. आपणच बोललेलं वाक्य आपल्याच कानांनी ऐकताना माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. ती कुडी 2019 च्या महापुरात सापडली. घर रिकामं करताना जुनी वाकळ उचलली, तिच्या उसवलेल्या शिवणीत. मधली 11 वर्षं सुनंदा त्या घरात चोर म्हणून वावरली होती.

“त्यांनाबी उठायचंच असंल,” ती हळूच म्हणाली.

माझ्या हातून बरे प्रश्न थोडेच विचारले गेले असतील, पण ‘कुडी कोणी शोधली’ हा त्यातला एक आहे. कारण मलाही त्यातूनच नवं काही दिसलं. तोवर मी खोट्या कबुलीकडे कबुली देणाऱ्याचं दुःख म्हणून पाहत होते. पण कबुली मिळाली की शोध थांबतो, आणि खरा गुन्हेगार त्या थांबलेल्या शोधाच्या आडोशाला निवांत राहतो.

लंडनच्या टिमथी एव्हान्सचं प्रकरण मी यासाठीच सांगते. 1949 मध्ये बायको आणि लेकीच्या खुनाची कबुली त्याच्याकडून मिळाली आणि 1950 मध्ये त्याला फाशी झाली. त्याच्याविरुद्ध साक्ष दिली ती खालच्या मजल्यावरच्या जॉन ख्रिस्टीनं. त्याच घरामागच्या बागेत ख्रिस्टीनं आधी मारलेल्या दोन बायकांचे अवशेष होते. झडती घेणाऱ्यांना ते दिसले नाहीत. 1953 मध्ये ख्रिस्टी पकडला गेला, तोवर त्यानं आणखी चार बायका मारल्या होत्या. एव्हान्सला माफी मिळाली 1966 मध्ये.

आमच्या क्षेत्रानंही यातून शिकायला हवं. स्वीडनच्या स्टुरे बर्गवाल यानं मनोरुग्णालयात उपचार चालू असताना 30 हून जास्त खून कबूल केले. 8 खुनांत तो दोषी ठरला आणि 2013 पर्यंत ते सगळे निकाल रद्द झाले. दडलेल्या आठवणी बाहेर काढायच्या म्हणून त्याला ‘आठव’ म्हणणारे उपचारकच होते. म्हणून माझ्या खोलीत मी ‘आठवून बघा’ हे शब्द फार जपून वापरते.

कायद्याला हा धोका जुनाच ठाऊक आहे. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही, हे 1872 च्या पुरावा कायद्यात होतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 मध्येही ते आहे. कबुलीतून एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्याशी संबंधित भाग ग्राह्य धरतात. दंडाधिकाऱ्यांपुढे कबुली देण्याआधी ‘तुमच्यावर बंधन नाही’ असं बजावावं लागतं. पण कोर्टात न टिकणारी कबुली तपासाची दिशा त्याच रात्री ठरवून टाकते. तोवर दुकानांच्या कॅमेऱ्यांतलं चित्रण पुसलं जातं, साक्षीदारांना दिवस-वेळ आठवेनासे होतात.

म्हणून घरच्यांना मी सांगते, पहिल्याच दिवशी वकील गाठा. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क अटक झालेल्याला आहे. ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. माणूस त्या दिवशी कुठे होता, याची तिकिटं, पावत्या, नोंदी तुम्हीच गोळा करा. आणि तो घरी आला की ‘हो का म्हणालास’ हे विचारू नका. तोच प्रश्न त्यानं दोन दिवस ऐकलेला असतो. ‘तिथं काय काय झालं’ असं विचारा, आणि मधे बोलू नका.

सुनंदानं ते केलं. चौथ्या भेटीला ती नवऱ्याला घेऊन आली. बराच वेळ तो तिच्याच हातांकडे बघत होता. मग म्हणाला, “ताई, त्या दिवशी कोल्हापूरला निघायच्या आधी त्यांच्या दाराशी एक मोटारसायकल बघितली हुती. यार्डातली न्हवं. बोलावलं तवा तेच सांगायचं मनात हुतं.”

“मग?”

“कुणी इचारलंच न्हाई.”

पुढच्या सोमवारी वकिलाला बरोबर घेऊन तो साक्षीदार म्हणून जबाब द्यायला गेला. मोटारसायकलचा रंग त्याला आठवत होता, नंबर आता आठवत नव्हता.