बॅकअप किती दिवस ठेवायचा?

भाऊ, जळगावच्या डाळमिलचं काम हातात घेतलंस, छान झालं. पण रोजचा बॅकअप कालच्यावरच लिहायची सवय आजच मोड. टॅलीतली, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली, एखादी एंट्री उडाली तर कळतं कधी? बहुतेकदा महिन्याभराने, व्यापाऱ्याशी खातं जुळवताना. तोवर तुझ्या एकुलत्या एका प्रतीतूनही ती गेलेली असते.

म्हणून आधी मालकाला विचार, चूक उशिरात उशिरा कधी लक्षात येते. मुदत त्यावरूनच ठरव. मी रोजच्या १४, आठवड्याच्या ५ आणि महिन्याच्या १२ प्रती ठेवतो. ३१ मार्चचा हिशेब बंद झाला की वर्षाची एक वेगळी. ती पुसायची घाई नको. जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात, अपील चालू असेल तर त्याहूनही जास्त. मी सरळ आठ वर्षं धरतो. तू सीएंना विचारून पक्कं कर.

इन्क्रिमेंटल, म्हणजे आधीच्या प्रतीनंतर बदललं तेवढंच साठवणारा बॅकअप, घेत असशील तर जपून. मूळची पूर्ण प्रत पुसलीस की तिच्या आधारावरच्या सगळ्या प्रती वाया गेल्या.

एक डिस्क कायम केबल काढून ठेव, रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, जोडलेली डिस्कही सोडत नाही. आणि आपल्याकडचा मे महिना माहीत आहे ना? मिलच्या तापलेल्या पत्र्याखाली ती नको, घरच्या कपाटात असू दे. जुनी वार्षिक प्रत मात्र दरवर्षी एकदा रिस्टोर करून बघ, नव्या टॅलीत उघडते का ते.