पहिली सुरी निवडताना

चि. भाचीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तू हंटर एज्युकेशनचा, म्हणजे सुरक्षित शिकारीचा, अभ्यासक्रम पूर्ण केलास, हे ताईने कळवले आणि मला मनापासून आनंद झाला. पेनसिल्व्हेनियात हरणांचा रायफलचा हंगाम नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या शनिवारी सुरू होतो, म्हणजे सुरी निवडायला आणि ती हाताळायला शिकायला तुझ्याजवळ अजून पुरेसा वेळ आहे. तू पाठवलेली छायाचित्रे मी नीट पाहिली. त्या सुऱ्या सुबक आहेत, परंतु त्यांतील एकही तुझ्या कामाची नाही, आणि का नाही हे सविस्तर सांगावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सुरीचे काम गोळी लागल्यानंतर सुरू होते. हरीण पडले, त्याचा प्राण गेल्याची खात्री झाली, टॅग (शिकारीच्या नोंदीची चिठ्ठी) लावला, की त्याच जागी पोट उघडून आतले अवयव काढावे लागतात, कारण शरीरातील उष्णता लवकर बाहेर पडली नाही तर मांस बिघडू लागते. ते शक्य तितक्या लवकर ४ अंश सेल्सिअसच्या खाली न्यायचे असते. ज्या जनावराचा जीव आपण घेतला त्याचे मांस आपल्या हलगर्जीपणामुळे फेकून द्यावे लागणे, यासारखी लाजिरवाणी गोष्ट शिकारीत नाही, असे मी मानतो. म्हणून सुरी निवडताना ती कशी दिसते यापेक्षा, थंडीने बोटे आखडलेली असताना आणि हात रक्ताने निसरडे झालेले असताना ती कशी चालेल, हाच प्रश्न स्वतःला विचार.

पोट उघडण्याची रीत तुला आत्ताच सांगतो, म्हणजे पात्याच्या लांबीविषयी मी एवढा आग्रह का धरतो ते कळेल. कातडीला आधी एक लहानशी चीर द्यायची, तिच्यात डाव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट घालून कातडी वर उचलायची, त्या दोन बोटांच्या बेचक्यात पात्याचे टोक ठेवायचे आणि धार आकाशाकडे करून हळूहळू छातीच्या हाडापर्यंत सरकायचे. बोटे आतड्यांना खाली दाबून ठेवतात आणि पाते फक्त कातडी व तिच्याखालचा पातळ थर कापते. आतडे किंवा मूत्राशय फुटले तर आजूबाजूचे मांस खराब होते. पाते सहा इंचांचे असेल, तर टोक नेमके कुठे आहे याचा अंदाज बोटांना येत नाही. साडेतीन ते चार इंच पुरेसे आहे. बक या अमेरिकन कंपनीची ११९ क्रमांकाची सुरी तुला फार आवडलेली दिसते. ती नावाजलेली आहे, पण तिचे पाते सहा इंचांचे आहे, आणि तुझ्या हातासाठी व या कामासाठी ते जास्त होते.

टोकाचा आकारही पाहा. पात्याची पाठ टोकाकडे हलकेच उतरत गेलेली असावी; या आकाराला ड्रॉप पॉइंट म्हणतात आणि बॉब लव्हलेस या अमेरिकन कारागिराने तो शिकारीच्या सुऱ्यांत लोकप्रिय केला. टोक फार वर उचललेले नसल्यामुळे आतले काही चुकून भोसकले जात नाही, आणि धारेचा फुगीर भाग कातडे सोलताना उपयोगी पडतो. पाठीवर हुकासारखा वळलेला आकडा असलेली सुरी घेऊ नकोस. त्या आकड्यात केस आणि चरबी अडकते, आणि त्याला घरी धार लावणे अवघड असते.

घडीची सुरी खिशात ठेवायला सोयीची असते, हे मी जाणतो. बकची ११० ही घडीची सुरी १९६४ पासून हजारो शिकाऱ्यांच्या कमरेला आहे. तरीही पहिली सुरी स्थिर पात्याचीच असावी, कारण घडीच्या सांध्यात रक्त आणि चरबी शिरते व ती साफ करणे जिकिरीचे होते.

पोलादाच्या बाबतीत जाहिरातींना भुलू नकोस. एस ३० व्हीसारखे कठीण पोलाद धार दीर्घकाळ टिकवते हे खरे, परंतु ती धार गेली की नवशिक्याला परत आणता येत नाही. १०९५ सारख्या कार्बन पोलादाला उत्तम धार चढते, पण रक्त लागून राहिले तर त्यावर लवकर डाग आणि गंज येतो. तुझ्यासाठी ४२० एचसी किंवा १२ सी २७ यांसारखे साधे स्टेनलेस पोलाद योग्य आहे. स्वीडनमधील मोरा गावच्या कारखान्यात बनणारी कंपॅनियन ही सुरी माझ्या मते तुझ्यासाठी सर्वांत उचित आहे: चार इंचांचे पाते, पकड न सुटणारी रबरी मूठ आणि धुता येणारे प्लास्टिकचे म्यान. मूठ नारिंगी रंगाची घे. पाचोळ्यात ठेवलेली सुरी लगेच दिसते. तिचे पोलाद मुठीच्या अगदी शेवटपर्यंत जात नाही, अशी तक्रार तुला ऐकू येईल. आपल्याला तिने लाकूड फोडायचे नाही आणि हाडेही तोडायची नाहीत. या राज्यात २०१२ पासून हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा प्राणघातक रोग आढळत आहे, त्यामुळे मेंदू आणि पाठीचा कणा यांना पात्याचा स्पर्श होऊ न देणे, रबरी हातमोजे घालणे आणि सांध्यांतून मांस सोडवणे हेच शहाणपणाचे आहे.

घरी तू आजीच्या विळीवर भाजी चिरायला शिकलीस. तिथे पाते जागेवर असते आणि हात हलतो. इथे पाते हलते, म्हणून दुसरा हात कुठे आहे याचे भान क्षणभरही सुटता कामा नये. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि जोर लावताना ती निसटते. म्हणून सुरीच्या खर्चातून वाचलेल्या पैशांत धारेचा दोन बाजूंचा चांगला दगड घे. पात्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे २० अंशांचा कोन राखून, एका बाजूने घासताना दुसऱ्या बाजूला नखाला अडेल अशी बारीक कड उठेपर्यंत घासायचे, मग बाजू बदलायची, आणि शेवटी ती कड चामड्याच्या पट्ट्यावर काढून टाकायची. हे काम घाईने होत नाही.

आणखी एक गोष्ट अतिशय महत्त्वाची आहे. हंगाम संपल्यावर सुरी दप्तरात राहू देऊ नकोस. शाळेच्या आवारात ती सापडली तर तो गुन्हा ठरतो. सुट्टीत साताऱ्याला जाताना तर ती घरीच ठेव. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि तिथे तिचे काही कामही नाही.

पुढच्या रविवारी मी तुमच्याकडे येत आहे. ताईकडून स्वयंपाकघरातील दोन जुन्या, बोथट सुऱ्या मागून ठेव. दगड हाताला बसेपर्यंत धार लावण्याचा सराव त्यांच्यावरच करू.

तुझा,
मामा