पाच तारखेचे भाडे सहा तारखेला पोहोचले तर

प्रश्न : आम्ही पुण्यात अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहतो. दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत भाडे द्यावे आणि उशीर झाल्यास पाचशे रुपये जास्त द्यावेत, असे करारात आहे. या महिन्यात मी ५ तारखेला रात्री साडेअकराला एनईएफटीने भाडे पाठवले. माझ्या खात्यातून रक्कम लगेच वजा झाली, परंतु घरमालकांच्या खात्यात ती मध्यरात्रीनंतर जमा झाली. आता ते पाचशे रुपये मागत आहेत. ते द्यावे लागतील का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : करारात नुसते ‘द्यावे’ एवढेच असेल, तर दोन्ही बाजूंना बोलायला जागा आहे. तरीही माझ्या मते रक्कम घरमालकांच्या खात्यात जमा होते तीच भाडे दिल्याची वेळ धरणे सुरक्षित, कारण आपल्या खात्यातून वजा झालेली रक्कम त्यांच्या हाती पडेपर्यंत ती त्यांना मिळाली असे म्हणता येत नाही. तासाभराच्या उशिरासाठी पाचशे रुपये मागणे कोतेपणाचे आहे, पण ते कराराबाहेरचे आहे असे ठामपणे म्हणता येणार नाही.

यात बँकेचीही चूक दिसत नाही. एनईएफटीचे व्यवहार एकेक करून नव्हे, तर दर अर्ध्या तासाच्या तुकडीने, म्हणजे दिवसात ४८ तुकड्यांत पुढे जातात आणि तुकडीचा हिशेब पूर्ण झाल्यावर रक्कम जमा करण्यासाठी समोरच्या बँकेला आणखी दोन तास मिळतात. त्यामुळे साडेअकराला पाठवलेली रक्कम रात्री दोनच्या सुमारास पोहोचली, तरी ती नियमात बसते. १६ डिसेंबर २०१९ पासून ही सेवा चोवीस तास सुरू झाली तेव्हापासून ती तत्काळही झाली, असा अनेकांचा समज झाला आहे.

तत्काळ हवे असेल तर आयएमपीएस किंवा यूपीआय वापरावे. मात्र नवा खातेदार जोडल्यावर बँका काही काळ रकमेवर मर्यादा घालतात, हे ऐन ५ तारखेला कळून उपयोग नसतो. यांपैकी एखाद्या सेवेने पाठवलेली रक्कम वजा होऊन समोर जमा झाली नाही, तर घाईने दुसऱ्यांदा पाठवू नये. सप्टेंबर २०१९ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार अशी रक्कम पुढच्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवी आणि त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी शंभर रुपये भरपाई मिळायला हवी. ही भरपाई आपल्याला मिळते, पण त्यामुळे घरमालकांकडची मुदत वाढत नाही.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगतो. थकलेल्या भाड्यावरून जागा खाली करून मागण्यापूर्वी लेखी नोटीस देऊन नव्वद दिवस थांबण्याचे जे बंधन १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात आहे, ते कायद्याच्या अर्थाने भाडेकरू असलेल्यांसाठी आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांनी ते आपल्याला लागू आहे असे गृहीत धरू नये.

तूर्तास व्यवहाराचा यूटीआर क्रमांक आणि वेळ घरमालकांना पाठवून या वेळची रक्कम सोडून देण्याची विनंती करावी. ते ऐकत नसतील तर पाचशे रुपये देऊन टाकावेत आणि करार नव्याने करताना कोणती वेळ ग्राह्य धरायची, हे स्पष्ट लिहून घ्यावे. बँकेला स्थायी सूचना देणार असाल, तर ती पगार जमा होण्याच्या तारखेनंतरची, पण २ किंवा ३ तारखेची ठेवावी. त्या वेळी खात्यात पुरेशी शिल्लक नसेल तर भाडे जाणारच नाही.