बदललेल्या गुडघ्यात पू झाला तर

प्रश्न : आईचा गुडघा बदलून 18 दिवस झाले. टाक्यांतून पाणी झिरपतंय, सकाळी बदललेली पट्टी संध्याकाळी ओली असते. जवळच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलंय. सुरू करू का? (एक मुलगी, सांगली)

उत्तर : गोळी बाजूला ठेवा आणि आजच सर्जनला गाठा. सांध्यातलं पाणी सुईने काढून कल्चरला (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) जाण्याआधी अँटिबायोटिक घेतलं, तर जंतू कल्चरमध्ये अनेकदा उगवत नाही. आत मात्र तो असतोच. (हुडहुडी भरून ताप चढला, आई गळून गेली, तर थेट रुग्णालय गाठा, तिथे औषधाला वेळ लावत नाहीत.)

घाई एवढ्यासाठी की, जंतू धातूवर चिकट थर धरतात. विहिरीच्या पायरीवरच्या शेवाळासारखा. त्यावर नुसतं पाणी ओतून भागत नाही. पहिल्या तीन-चार आठवड्यांत थर कच्चा असतो. तेव्हा गुडघा उघडून, खरवडून, धुऊन, मधलं प्लास्टिक बदलून धातूचे भाग वाचवता येतात. महिनाभर गोळ्यांवर काढून मग आलेला पेशंट पाहिला की जीव हळहळतो.

प्रश्न : पत्नीचा गुडघा बदलून दोन वर्षं झाली, आता पू झालाय. आधी सांधा काढायचा आणि नंतर नवा बसवायचा म्हणतात. एकदाच का नाही? (पती, नागपूर)

उत्तर : एकदाच करतातही. हॅम्बुर्गच्या एंडो-क्लिनिकने 1970 च्या दशकापासून ती पद्धत रुजवली. पण जंतू कोणता ते आधीच ठाऊक हवं, कातडी आणि हाड धड हवं. नाहीतर दोन टप्पे. जुना सांधा काढून तिथे स्पेसर, म्हणजे सिमेंटचा तात्पुरता सांधा, बसवतात. हाडासाठीच्या सिमेंटच्या पुडीत व्हँकोमायसिन किंवा जेंटामायसिन हे अँटिबायोटिक मिसळून मळतात; गोळा हाताला गरम लागतो आणि काही मिनिटांत दगड होतो. त्यातून औषध आतल्या आत पाझरत राहतं. जोडीला साधारण सहा आठवडे अँटिबायोटिक. जखम, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी), गरज पडली तर पुन्हा पाणी तपासायचं आणि मग नवा सांधा. मधल्या काळात वॉकर. शुगर आटोक्यात आणायलाही हाच वेळ.

प्रश्न : बाबा 81 वर्षांचे. स्पेसर बसवलाय, आता दुसरं ऑपरेशन नको म्हणतात. (मुलगा, पुणे)

उत्तर : त्यांचं ऐका. दुखत नसेल, घरात काठीवर फिरत असतील, तर काही जण स्पेसरवरच राहतात. तो सैल होऊ शकतो, मोडूही शकतो, म्हणून अधूनमधून एक्स-रे काढा.