वाचक विचारतात: जेवणाच्या सुट्टीतच एजीव्ही का थांबते?

प्रश्न: आमचं वेर्ण्याला औषधांचं पॅकिंग आहे. गोदामात सहा एजीव्ही, म्हणजे माल नेणाऱ्या विनाचालक गाड्या, फिरतात, वायफायवर. सुरुवातीचे सात-आठ महिने काही त्रास नव्हता, आता दिवसातून दहा-बारा वेळा मध्येच उभ्या राहतात, पीएलसीवर (गाड्यांना हुकूम देणाऱ्या कंट्रोलरवर) कम्युनिकेशन फॉल्ट येतो, मग कोणीतरी धावत जाऊन रिसेट मारायचा. जास्त करून सातव्या-आठव्या रॅकच्या गल्लीत, आणि दुपारी एकच्या सुमाराला तर हमखास. व्हेंडर म्हणतो प्रायव्हेट ५जी, म्हणजे कारखान्याचं स्वतःचं ५जी, घ्या, विषय संपेल. मालक म्हणतात पावसामुळे होतंय, चवथ होऊ दे मग बघू. मी काय करू?
– मेंटेनन्सवाला, वेर्णा, गोवा (नाव छापू नका प्लीज)

उत्तर: नाही छापत. आधी पावसाला यातून सोडवू या. शंभर मीटरच्या आत वायफायच्या सिग्नलला पाऊस काही करत नाही, केलंच तर बाहेरच्या अँटेनाच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरून करतो, आणि आपल्याकडे खारा वारा असल्यामुळे ते कनेक्टर दर वर्षी उघडून बघावेत, हिरवे पडले असतील तर बदलावेत. पण तुमचा त्रास गोदामाच्या आतला आहे.

मला सांगा, कमिशनिंग झालं, म्हणजे गाड्या पहिल्यांदा चालू केल्या, तेव्हा रॅक भरलेले होते का? मी पैज लावतो, रिकामे होते. आता तिथे काय आहे, तर गोळ्यांच्या स्ट्रिपा, म्हणजे अॅल्युमिनियम फॉइल. पुठ्ठ्याचा खोका रेडिओला दिसतच नाही, त्याला दिसते ती आतली फॉइल, एकेक पॅलेट म्हणजे धातूची भिंतच की, आणि अशा भिंती वरपर्यंत रचलेल्या. रिकाम्या गोदामात जो एपी (वायफायचा ॲक्सेस पॉइंट) दोन गल्ल्या पलीकडूनही छान ऐकू यायचा तो आता फक्त समोरच्या गल्लीत ऐकू येतो. म्हणून सातवी-आठवी गल्ली. सिग्नलचा सर्व्हे परत करा, माल भरलेला असताना, आणि एजीव्हीच्या अँटेनाच्या उंचीवर. लॅपटॉप छातीशी धरून गोदामात फेरी मारणं म्हणजे सर्व्हे नव्हे, एजीव्हीची अँटेना गुडघ्याएवढ्या उंचीवर असते.

दुसरं म्हणजे, वायफायमध्ये एका एपीवरून दुसऱ्यावर कधी जायचं हे गाडीवरचा क्लायंट, म्हणजे तिचं वायफायचं यंत्र, ठरवतो, नेटवर्क नाही. आणि हे क्लायंट भारी चिकट असतात, जुना एपी मरायला टेकला तरी सोडत नाहीत, मग एकदम घाबरून सगळे चॅनल स्कॅन करत बसतात, त्यात अर्धा सेकंद गेला तरी नवल नाही. तुमच्या पीएलसीला तेवढा धीर कुठून असणार? पीएलसी आणि गाडी प्रोफिनेट या नेटवर्कच्या भाषेत बोलत असतील तर बहुतेक ठिकाणी सलग तीन अपडेट चुकले की फॉल्ट अशी सेटिंग असते. समजा अपडेट टाइम ३२ मिलिसेकंद ठेवलाय, तर ९६ मिलिसेकंदांत वॉचडॉग, म्हणजे संपर्क तुटला का हे बघणारा टायमर, भुंकणार. अपडेट टाइम १२८ केलात तर ३८४ मिलिसेकंद मिळतात, आणि सेकंदाला एक मीटर वेगाने गाडी तेवढ्यात ३८ सेंटिमीटर जाईल. माणूस मध्ये आला तर थांबवणारा लेझर स्कॅनर गाडीवरच असतो, तो वायफायची वाट बघत नाही, त्यामुळे नुसत्या रूटच्या कमांडसाठी हे चालण्यासारखं आहे. मात्र प्रोफिसेफचा, म्हणजे सुरक्षेच्या संदेशांचा, टाइम यात बदलू नका, तो सेफ्टीवाल्याच्या सहीशिवाय कोणीही हात लावायची गोष्ट नाही. त्याच्या जोडीला क्लायंटला स्कॅनसाठी तीन-चारच चॅनल द्या आणि एपी आणि गाडी दोन्हीकडे ८०२.११आर चालू करा, म्हणजे प्रत्येक उडीला नव्याने ओळखपाळख करत बसावं लागत नाही.

आता एक वाजताची भानगड. कँटीन गोदामाला लागून आहे का? एका कारखान्यात मी दोन रात्री लॉग वाचत जागलो, रात्री सगळं गुण्यागोविंदाने चाललेलं, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी कँटीनमध्ये बसलो असताना बघतो तर काय, हुमण गरम करायला मायक्रोवेव्हसमोर ही लाईन! मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, आणि साध्या मायक्रोवेव्हमधला मॅग्नेट्रॉन आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला ५० वेळा चालू-बंद होत असतो, दाराच्या फटीतून जे थोडंफार बाहेर येतं तेवढं वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा वरचा भाग नासवायला पुरतं. शिवाय सुट्टीत प्रत्येकाचा मोबाईल, कोणाचा हॉटस्पॉट. २.४ वर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि वायफायचा स्वभाव असा की आधी कान देऊन ऐकायचं, कोणी बोलत असेल तर गप्प बसायचं. तुमची एजीव्ही तिथे शिस्तीत रांगेत उभी राहते आणि तिकडे वॉचडॉग संपतो.

तेव्हा गाड्या ५ गिगाहर्ट्झवर न्या. भारतात ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा २०१८ पासून विनापरवाना वापरायला मोकळा आहे. एकच काळजी, ५२ ते १४४ हे डीएफएस चॅनल टाळा. त्यावर एपीला रडारसारखं काही ऐकू आलं की १० सेकंदांत चॅनल सोडावा लागतो आणि नव्या डीएफएस चॅनलवर बोलण्याआधी निदान एक मिनिट नुसतं ऐकत बसावं लागतं, तेवढ्यात सहाही गाड्या उभ्या. तुम्ही दाबोळीच्या विमानतळापासून किती लांब आहात ते मी सांगायला नको. ३६ ते ४८ आणि १४९ च्या पुढचे चॅनल घ्या.

एवढं सगळं करायला एपीची जागा बदलणं, दोन-तीन जादा एपी आणि एक रविवार लागेल. त्यानंतरही गाड्या थांबल्या तर ५जीवाल्याला बोलवा, तोपर्यंत त्याला चहासुद्धा पाजू नका.

प्रश्न: आमच्या ग्रुपच्या जर्मनीतल्या प्लांटमध्ये स्वतःचं ५जी आहे. एमडींना पिळर्णच्या युनिटमध्येही तेच हवंय, तिथलंच सामान आणून लावू म्हणतात. परवाना कसा काढायचा? आणि खरंच १ मिलिसेकंदात काम होतं का?
– प्लांट हेड

उत्तर: सामान मागवू नका, आधी हे वाचा. जर्मनीने २०१९ पासून ३.७ ते ३.८ गिगाहर्ट्झचा पट्टा कारखान्यांना आपापल्या आवारासाठी थेट द्यायला सुरुवात केली, म्हणून तिथे ते सोपं. अमेरिकेत ३.५५ ते ३.७ मध्ये सीबीआरएस, म्हणजे वाटून वापरायचा पट्टा, आहे. आपल्याकडे २०२२ च्या लिलावात ३.३ ते ३.६७ चा पट्टा मोबाईल कंपन्यांसाठी काढला गेला, त्यामुळे तिकडची पेटी आणून इथे चालू करणं म्हणजे दुसऱ्याच्या बागायतीत शिरून नारळ पाडणं.

इथला कायदेशीर रस्ता म्हणजे दूरसंचार विभागाच्या २७ जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचना, त्यात याला कॅप्टिव्ह नॉन-पब्लिक नेटवर्क म्हणतात. एक तर मोबाईल कंपनीने तुमच्या आवारात वेगळं नेटवर्क उभारून द्यायचं किंवा त्यांच्याच नेटवर्कचा एक स्लाइस, म्हणजे राखून ठेवलेला हिस्सा, तुम्हाला द्यायचा, यात तुम्हाला परवाना काढायची भानगड नाही. नाहीतर, २०२२ च्या त्या सूचनांप्रमाणे, परवाना तुमच्या नावावर, १० वर्षांचा, अर्जाची फी ५० हजार रुपये, प्रवेश फी नाही, आणि स्पेक्ट्रम मोबाईल कंपनीकडून लीजवर. थेट सरकारकडून स्पेक्ट्रम हा चौथा रस्ता, पण त्या सूचनांत त्याच्या आधी मागणीचा अभ्यास आहे आणि कंपनीची नेटवर्थ १०० कोटींच्या वर लागते. पिळर्णच्या युनिटने मोबाईल कंपनीशी बोलावं, बाकीचं सध्या विसरावं असं माझं मत.

१ मिलिसेकंद हा आकडा हवेतल्या एका टप्प्याचा आहे आणि तोही आदर्श परिस्थितीतला. सेन्सरपासून ५जीच्या कोरमधून (मधल्या मुख्य सर्व्हरमधून) कंट्रोलरपर्यंत प्रत्यक्षात १०-२० मिलिसेकंद धरून चला. एजीव्ही, टॅब्लेट, कॅमेरा यांना ते भरपूर झालं, सर्व्हो मोटरी एका ठेक्यात फिरवायला नाही. आणि जे यंत्र जागचं हलत नाही त्याला केबल का ओढत नाही? हे मी प्रत्येकाला विचारतो आणि प्रत्येक जण जरा वेळ गप्प होतो. ५जीची खरी गंमत मोठ्या उघड्या आवारात आहे, बंदराचं यार्ड, खाण, जहाजबांधणी, जिथे शेकडो मीटरवर गाड्या आणि क्रेन फिरतात आणि हँडओव्हर, म्हणजे एका अँटेनावरून दुसऱ्यावर उडी, कधी करायचा हे नेटवर्क ठरवतं, गाडी नाही.

प्रश्न: कुंडईला छोटं युनिट आहे. पंपहाऊस ४०० मीटर खाली, मध्ये दोन चिऱ्याच्या भिंती आणि झाडी. टाकीची पातळी ऑफिसात दिसायला पाहिजे. सिमवालं ५जी बसवू का? रेंज तशी एकच काडी येते.
– एक वाचक

उत्तर: अहो, पाण्याची पातळी मिनिटाला एकदा कळली तरी तुमचं भागतं, त्याला ५जी कशाला! लोरा घ्या, म्हणजे थोडीशी माहिती लांबवर पाठवणारा कमी विजेचा रेडिओ. आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा त्यासाठी विनापरवाना मोकळा आहे, बॅटरी वर्षानुवर्षं चालते आणि इतकी खालची फ्रिक्वेन्सी चिऱ्याच्या भिंतींतून आणि झाडीतून वायफायपेक्षा बरीच बरी जाते. ऑफिसकडची अँटेना छपराच्या वर लावा, पत्र्याच्या खाली नको. ऑनलाइन घेताना डोळे उघडे ठेवा, स्वस्तातलं बरंच सामान ८६८ चं म्हणजे युरोपचं किंवा ९१५ चं म्हणजे अमेरिकेचं असतं, ते इथलं नव्हे, विक्रेत्याकडे ईटीए, म्हणजे इथल्या वायरलेस मंजुरीचं, सर्टिफिकेट मागा.

आणि टाकी भरली की पंप बंद करायचं काम मात्र लोरावर सोपवू नका. तिथे फ्लोट स्विच बसवा आणि त्याची वायर सरळ स्टार्टरपर्यंत न्या.