‘दाखवण्यासारखं माझ्याकडे काहीच नाही’

पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलं या सुमारास हमखास हे वाक्य घेऊन येतात. म्हणून एका विद्यार्थिनीशी झालेलं बोलणं तिच्या परवानगीने, ओळख पटणार नाही असे बदल करून लिहिते आहे.

विभागाने सगळ्यांना डिजिटल पोर्टफोलिओ, म्हणजे आपलं निवडक काम दाखवणारं ऑनलाइन पान, करायला सांगितला होता. हिने तीनदा पान उघडलं आणि तीनदा पुसून टाकलं. "मॅडम, बाकीच्यांची पानं बघितली की रडू येतं. बक्षिसं, इंटर्नशिप, काय काय आहे. मी नुसत्या असाइनमेंट केल्यात."

तिला समजावण्याऐवजी मी विचारलं, "तू केलेलं एखादं काम चुकलं आणि मग तू ते सुधारलंस, असं काही आठवतं का?"

बराच वेळ ती गप्प होती. मग सर्वेक्षणाची गोष्ट निघाली. 'तुम्ही ग्रंथालय नियमित वापरता का?' असा प्रश्न तिने विचारला होता. जवळपास सगळ्यांनी 'हो' म्हटलं. तिला शंका आली म्हणून तिने दोघींना पुन्हा गाठलं, तर एकीचं 'नियमित' म्हणजे रोज आणि दुसरीचं म्हणजे परीक्षेच्या आधी! मग तिने प्रश्न बदलला: 'गेल्या ७ दिवसांत तुम्ही किती वेळा ग्रंथालयात गेलात?' आता उत्तरं एकमेकांशी ताडून बघता येत होती.

हे सांगताना तिचा आवाजच बदलला होता. तो बदल मी तिच्या लक्षात आणून दिला. "आधीची प्रश्नावली आहे का अजून?" होती, जुन्या मेलमध्ये. आमचं पहिलं पान तिथेच ठरलं: दोन्ही प्रश्नावल्या शेजारी शेजारी आणि मध्ये प्रश्न का बदलला याच्या चार ओळी. प्रमाणपत्रावरून अभ्यासक्रम पूर्ण केला एवढंच कळतं. या चार ओळींतून तिचा विचार कसा चालतो ते कळतं, आणि मला विचाराल तर पोर्टफोलिओ त्याचसाठी असतो.

भीती मात्र उरलीच होती. "सगळ्यांनी बघितलं तर?" सगळ्यांना दाखवायलाच हवं असं नाही. न्यूझीलंडमध्ये २००६ साली सुरू झालेल्या माहारासारख्या खास पोर्टफोलिओसाठीच्या प्रणालीत कुठलं पान कोणाला दिसावं हे विद्यार्थी स्वतः ठरवतो. गूगल साइट्सवरही ठरावीक लोकांपुरतं पान ठेवता येतं. तिने पहिले काही आठवडे ते फक्त मला आणि एका मैत्रिणीला दाखवलं.

दोन गोष्टी मी आग्रहाने सांगितल्या. सर्वेक्षण गटाचं होतं, तेव्हा आपला वाटा कोणता ते स्पष्ट लिहायचं, सोबत्यांना विचारायचं आणि उत्तरं देणाऱ्यांची नावं काढून टाकायची. दुसरी म्हणजे सगळं साहित्य स्वतःच्या खात्यात उतरवून ठेवायचं. पदवीनंतर विद्यापीठाचं खातं बंद झालं की लिंक मरतात. असे हळहळणारे माजी विद्यार्थी मी पाहिले आहेत.

महिन्याभराने ती आली तेव्हा पानावर एवढं एकच काम होतं. चार ओळींच्या मात्र नऊ झाल्या होत्या. बसायच्या आधीच तिने विचारलं, "मॅडम, दुसऱ्या वर्षी माझा एक निबंध परत आला होता. तो पण घेऊ?"